शंभर मीटर : तार, वेग आणि अंतर यांची गोष्ट

कंप्युटर नेटवर्किंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात एक तक्ता हमखास असतो. डावीकडे केबलचा प्रकार, मधे वेग, उजवीकडे अंतर. कॅट-३ : सेकंदाला १० मेगाबिट, १०० मीटर. कॅट-५ : १०० मेगाबिट, १०० मीटर. कॅट-५ई : १ गिगाबिट, १०० मीटर. कॅट-६ए : १० गिगाबिट, १०० मीटर. परीक्षेच्या आदल्या रात्री तो पाठ करायचा, जोड्या जुळवायच्या आणि गुण पदरात पडले की विसरून जायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे.

पण हा तक्ता शांतपणे वाचला तर जरा विचित्र वाटतो. मधल्या रकान्यातला वेग दहाचा शंभर, शंभराचा हजार, हजाराचा दहा हजार असा वाढत जातो. उजवा रकाना मात्र ढिम्म हलत नाही. वेग हजारपट झाला तरी अंतर आपलं शंभरच्या शंभर मीटर. निसर्ग इतका गोल आकडा कधीच देत नाही. प्रकाशाचा वेग गोल नाही, तांब्याचा रोध गोल नाही. मग हे शंभर मीटर आले कुठून, आणि टिकले कसे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना बरंच मागे जावं लागतं. वेग आणि अंतर यांचं भांडण कंप्युटरपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनं आहे. ते पहिल्यांदा लागलं समुद्राच्या तळाशी.

समुद्राखालची फुगणारी नळी

खांबांवरून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांना अंतराचा फारसा त्रास नव्हता. संदेश क्षीण झाला तर मधे रिले बसवायचा, नवी बॅटरी जोडायची आणि पुढे पाठवायचा. अडचण आली ती तार पाण्याखाली घातल्यावर. मलायातल्या झाडांच्या चिकापासून मिळणारं गटापर्चा हे आवरण १८४०च्या दशकात युरोपात पोचलं आणि पाण्याखाली तार टाकणं शक्य झालं. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स समुद्राखालून जोडले गेले. पण लांब केबलवर एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. या टोकाला झटक्यात दिलेला ठोका पलीकडे आळसावून, पसरून पोचायचा. ठोके भरभर दिले तर पलीकडे ते एकमेकांत मिसळून जायचे.

मायकेल फॅरडेने १८५४ मध्ये याचं कारण सांगितलं. मधे तांब्याची तार, भोवती गटापर्चाचं आवरण आणि त्याबाहेर खारं पाणी, ही रचना म्हणजे एक लांबलचक लायडन जार आहे. विजेला पलीकडे पोचण्याआधी तो आधी भरावा लागतो. बागेतल्या मऊ रबरी नळीचं उदाहरण घेता येईल. नळ सोडला की पाणी आधी नळीला फुगवतं, मग पुढे सरकतं. नळ बंद केला तरी फुगलेली नळी ओसरेपर्यंत दुसऱ्या टोकाला पाणी येतच राहतं. अशा नळीतून ‘चालू-बंद, चालू-बंद’ असा निरोप घाईने पाठवायचा म्हटलं तर पलीकडे सलग धारच दिसणार.

ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, यावर गणित मांडलं. केबल दुप्पट लांब केली की तिचा रोध दुप्पट होतो आणि तिची वीज साठवण्याची क्षमताही दुप्पट होते. दोन्हींचा गुणाकार होतो चौपट. म्हणजे विलंब लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या या ‘वर्गाच्या नियमा’तच आपल्या तक्त्याचं बीज आहे. एकाच केबलला एक वेग नसतो. तिला वेग आणि अंतर यांची जोडी असते, आणि जोडीतला एक आकडा बदलला की दुसरा बदलावाच लागतो.

नियमातून उपायही निघत होता. तार जाड करा म्हणजे रोध कमी होईल, आवरण जाड करा म्हणजे साठवण कमी होईल. पण जाड तार म्हणजे जास्त तांबं, आणि जास्त तांबं म्हणजे जास्त पैसे.

अठ्ठ्याण्णव शब्द, सोळा तास

तोपर्यंत आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकपार केबल टाकण्यासाठी कंपनी उभी राहिली होती. भांडवल साडेतीन लाख पौंड. तिचा विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने ब्रायटनचा सर्जन. त्याला प्रयोगांची हौस होती आणि थॉमसनचा नियम त्याला साफ अमान्य होता. स्वतःच्या प्रयोगांवरून त्याचं ठाम मत झालं होतं की हा नियम कागदावरचा आहे आणि बारीक तारेवरही काम भागेल. कंपनीला हे ऐकायला गोड वाटलं असणार यात नवल नाही. केबलमधलं तांबं ठरलं सागरी मैलाला १०७ रत्तल. थॉमसन स्वतः कंपनीच्या संचालक मंडळावर होता, पण त्याचं म्हणणं गळी उतरेपर्यंत केबलची मागणी नोंदवून झाली होती.

१८५७चा प्रयत्न केबल तुटल्याने फसला. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅगमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ या दोन जहाजांनी काम पुरं केलं आणि ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन खंड तारेने जोडले गेले. न्यूयॉर्कमध्ये जल्लोष झाला. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे गेला. त्याला सुमारे सोळा तास लागले. तासाला सहा शब्द.

पलीकडे पोचणारा क्षीण प्रवाह ओळखायला थॉमसनने आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर बनवला होता. इवलासा आरसा, त्याला चिकटवलेलं चुंबक आणि भिंतीवर हलणारा प्रकाशाचा ठिपका. व्हाइटहाउसचा भर मात्र ताकदीवर होता. निरोप पोचत नसेल तर जोरात ओरडा, असा एकंदर विचार. त्याने प्रचंड आकाराची इंडक्शन कॉइल्स लावून केबलमध्ये सुमारे दोन हजार व्होल्ट सोडले. केबल मुळातच धड नव्हती. ती घाईघाईने बनवली होती, उन्हात पडून राहिली होती आणि तिच्या आवरणात दोष होते. त्यामुळे सगळं खापर त्या दाबावर फोडणं बरोबर नाही. पण दुबळ्या आवरणावर एवढा दाब म्हणजे मरणाला आमंत्रणच होतं. सप्टेंबर उजाडता उजाडता केबल मुकी झाली. व्हाइटहाउसला त्याआधीच काढून टाकण्यात आलं होतं.

या केबलच्या अल्पायुष्यातला सर्वांत किमती संदेश राणीचा नव्हता आणि त्याचा संबंध भारताशी होता. १८५७च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना मायदेशी परतण्याचे हुकूम बोटीच्या टपालाने गेले होते. मधल्या काळात उठाव दडपला जात असल्याचं दिसू लागलं आणि त्या पलटणींची गरज उरली नाही. ऑगस्टच्या अखेरीस तारेने हुकूम रद्द केले गेले. त्यातून सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले असं सांगितलं जातं. म्हणजे भांडवलाचा सातवा हिस्सा दोन छोट्या निरोपांत. केबल मेली तरी लंडनला तिची चटक लागली ती अशी.

चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १८६१ साली आला. केबल बनवण्याच्या धंद्यात मोजमाप, एकके आणि चाचण्या यांना मानाचं स्थान मिळालं ते या अपयशानंतर. १८६६मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने टाकलेली केबल टिकली. तिच्यात तांबं होतं सागरी मैलाला ३०० रत्तल, म्हणजे आधीच्या जवळजवळ तिप्पट. आता मिनिटाला आठेक शब्द जाऊ लागले. वर्गाचा नियम कुणीही मोडला नव्हता. त्याची किंमत मोजली होती, इतकंच.

मुंबईपर्यंतचे टप्पे

वर्गाच्या नियमाला बगल देण्याची आणखी एक वाट आहे. केबल मधोमध तोडली तर प्रत्येक अर्ध्या भागाचा विलंब मूळ विलंबाच्या पावपट होतो. मधे कुणीतरी निरोप ऐकून तो ताज्या ताकदीने पुढे पाठवायचा, की झालं. अटलांटिकच्या मध्यावर माणूस बसवायला जागा नव्हती. पूर्वेकडच्या वाटेवर मात्र होती.

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन अशी सुमारे ३,००० किलोमीटरची केबल टाकत निघालं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. मुंबईहून एडन, तिथून सुएझ, मग अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर आणि शेवटी इंग्लंड. यातल्या प्रत्येक ठिकाणी कारकून बसलेले असत. आलेला संदेश वाचायचा आणि पुढच्या केबलवर पुन्हा ठोकायचा, हेच त्यांचं काम. त्याआधी इराणच्या आखातातून आणि मग खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्या तारेला कित्येक दिवस लागत आणि वाटेतल्या परभाषी तारबाबूंच्या हातून मजकुराचं पार भजं होई. आता लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईला कळायला काही तास पुरू लागले.

एडनच्या उकाड्यात बसलेला तो कारकून जे करत होता, तेच आज आपल्या ऑफिसातला स्विच करतो. आलेले ठोके वाचतो आणि नव्याने लिहून पुढे धाडतो. ‘शंभर मीटरच्या पुढे जायचं असेल तर मधे एक स्विच टाका’ हा सल्ला मुळात १८७०चा आहे.

हेविसाइड आणि पीळ

टेलिफोन आल्यावर भांडण नव्याने पेटलं. मोर्सचे ठोके सावकाश देता येतात, पण बोलणं सावकाश करता येत नाही. माणसाच्या आवाजात सेकंदाला हजारो कंपनं असतात आणि वेगळी कंपनं तारेत वेगळ्या प्रमाणात झिजतात. लांबच्या तारेवर आवाज नुसता लहान होत नसे, घोगरा होई.

सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या आणि तारखात्यात ऑपरेटर म्हणून काम केलेल्या ऑलिव्हर हेविसाइडने थॉमसनचं समीकरण पुरं केलं. थॉमसनने रोध आणि साठवण धरली होती. हेविसाइडने तारेचं स्वतःचं प्रवर्तनही धरलं आणि १८८७ साली दाखवून दिलं की हे प्रवर्तन मुद्दाम वाढवलं तर आवाज बिघडायचा थांबेल. ब्रिटिश टपाल खात्याचे बडे अभियंते विल्यम प्रीस यांना हे उफराटं वाटलं. प्रवर्तन म्हणजे अडथळा, तो वाढवायचा कशाला? कल्पना ब्रिटनमध्ये पडून राहिली. १९०० साली अमेरिकेत मायकेल प्युपिनने ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याचं पेटंट मिळवलं, ते टेलिफोन कंपनीने विकत घेतलं आणि प्युपिन श्रीमंत झाला. हेविसाइड गरिबीतच राहिला.

या वेटोळ्यांचा शेवटही वाचण्यासारखा आहे. त्यांच्यामुळे बोलण्याच्या कंपनांना लांबचा पल्ला मिळाला, पण त्यावरच्या कंपनांची वाट पूर्ण बंद झाली. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षांनी टेलिफोनच्या तारांवरून डीएसएल इंटरनेट द्यायची वेळ आली तेव्हा अमेरिकेत गावोगावच्या तारांवरून ही वेटोळी शोधून काढून टाकावी लागली. अंतरासाठी केलेला नवस वेगाच्या आड आला.

टेलिफोनच्याच काळातली दुसरी युक्ती मात्र आजही प्रत्येक ऑफिसच्या भिंतीत आहे. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पिळलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट घेतलं. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरून येणारा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो. निरोप वाचायचा तो दोघींमधल्या फरकातून. त्यामुळे दोघींवर सारखं असलेलं सगळं वजा होतं. आजच्या केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि चौघींचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, म्हणजे शेजारणींचं बोलणं एकमेकींच्या कानात जात नाही.

पिवळी केबल

आता कंप्युटरकडे येऊ. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने एक टिपण लिहिलं. त्यात ‘ईथर’ हा शब्द होता. त्याने आणि डेव्हिड बॉग्जने उभारलेल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. एकच जाड कोॲक्सियल केबल इमारतीतून फिरवायची, सगळी यंत्रं तिला टोचायची आणि ज्याला बोलायचंय त्याने आधी कानोसा घेऊन मग बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

या पद्धतीतून अंतराची एक नवीच मर्यादा आली. हिचा निरोप क्षीण होण्याशी संबंध नाही. दोन बोलण्यांची टक्कर झाली तर ती बोलणाऱ्याला कळली पाहिजे, आणि तीही त्याचं बोलणं संपायच्या आत. १० मेगाबिटच्या ईथरनेटमध्ये सर्वांत छोटा निरोप ५१२ बिटांचा, म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंदांचा. केबलमध्ये संकेत एका मायक्रोसेकंदात साधारण २०० मीटर जातो. जाण्यायेण्याचा वेळ आणि मधल्या उपकरणांची दिरंगाई धरून हिशेब केला आणि दोन टोकांमधलं कमाल अंतर ठरलं २,५०० मीटर. त्यातही केबलचा एकेक तुकडा ५०० मीटरचाच, कारण त्यापुढे संकेत झिजतो. मानकातलं नाव होतं १०बेस५. त्यातला १० म्हणजे वेग आणि ५ म्हणजे पाचशे मीटर. नावातच जोडी.

ही केबल बहुधा पिवळी, बोटाएवढी जाड आणि वळवायला हट्टी. तिच्यावर दर अडीच मीटरवर खूण असे आणि यंत्र जोडायचं ते त्या खुणेवरच, टोकदार खिळ्याने आवरण भेदून. मग १९८५च्या सुमारास बारीक, स्वस्त कोॲक्सियल आली. तिचं नाव १०बेस२, पण खरं अंतर १८५ मीटर. दोनशे म्हणायला बरं वाटतं म्हणून दोन. तिचा खरा जाच वेगळाच होता. सगळी यंत्रं एकाच माळेत ओवलेली. एकाने खुर्ची सरकवताना जोड निखळला की सगळ्यांचं काम बंद, आणि चूक कुठे झाली ते शोधायला टेबलांखाली रांगत फिरायचं.

शंभर आले कुठून

सुटका टेलिफोनवाल्यांमुळे झाली. अमेरिकेतल्या ऑफिसांत प्रत्येक टेबलापर्यंत टेलिफोनची पिळलेली जोडी आधीच पोचलेली होती. प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली, तिथून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र तार. एक तार तुटली तर एकाच टेबलाचं काम अडतं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर याच तारांवरून ईथरनेट चालवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९९० साली १०बेस-टी हे मानक आलं. टी म्हणजे पीळ.

पिळलेली जोडी जाड कोॲक्सियलपेक्षा कितीतरी दुबळी. तिच्यावर पाचशे मीटरचा विचारही नको. पण मानक लिहिणाऱ्यांना पाचशे मीटर हवेच कुठे होते? त्यांना हवं होतं मजल्यावरच्या खोलीपासून त्याच मजल्यावरच्या टेबलापर्यंतचं अंतर. तेवढ्याला शंभर मीटर पुरतात. १९९१च्या अमेरिकी केबल-मानकाने तोच आकडा इमारतीच्या नियमात घातला. भिंतीतून आणि छतातून जाणारी पक्की तार ९० मीटर, दोन्ही टोकांच्या मोकळ्या दोऱ्यांसाठी १० मीटर. त्याच वर्षी कॅट-३, ४ आणि ५ अशी प्रतवारीही आली. कॅट-३ ची हमी १६ मेगाहर्ट्‌झपर्यंत, कॅट-५ ची १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत.

तर शंभर मीटर हा तांब्याचा गुणधर्म नाही. ते ऑफिसच्या मजल्याचं माप आहे. तांब्याने फक्त ‘एवढं जमेल’ अशी मान डोलावली.

आणि एकदा का भिंतीत तार गेली, की नात्याची दिशाच उलटली. थॉमसनच्या काळात अंतर ठरलेलं असे आणि वेग काय मिळतो ते पाहावं लागे. आता अंतर शंभरावर खिळलं आणि वेगही बाजाराच्या मागणीवरून आधीच ठरू लागला. ही दोन टोकं जुळवण्याचं ओझं केबल बनवणारे आणि चिप बनवणारे यांच्यावर आलं. भिंती फोडणं हे सगळ्यांत महाग काम, म्हणून नव्या वेगाला जुन्या भिंतींत बसवण्यासाठी काय वाटेल ते करायची तयारी झाली.

१९९५ साली १०० मेगाबिट आलं. निरोप दहापट भरभर जाऊ लागला, त्यामुळे टक्कर ओळखायला मिळणारा वेळ ५.१२ मायक्रोसेकंदांवर आला आणि अडीच किलोमीटरचं जाळं आक्रसून सुमारे २०५ मीटरचं झालं. पण मधे हब, एका बाजूला शंभर मीटर, दुसऱ्या बाजूला शंभर मीटर, असा हिशेब तरीही बसला. पुढे हबच्या जागी स्विच आले, बोलायची आणि ऐकायची वाट वेगळी झाली आणि टकरीची मर्यादा कायमची निकालात निघाली. उरली ती फक्त झीज आणि गोंगाट.

झीज किती असते? कॅट-५ च्या शंभर मीटर मार्गावर १०० मेगाहर्ट्‌झला सुमारे २४ डेसिबल, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा जेमतेम अडीचशेवा भाग पलीकडे पोचतो. अशा तारेवर १९९९ साली १ गिगाबिट बसवलं गेलं. चारही जोड्या कामाला लावल्या, प्रत्येकीवर २५० मेगाबिट, आणि तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. एका जोडीवर दोन्ही टोकं एकदम बोलतात आणि प्रत्येक टोकाची चिप ऐकू येणाऱ्या कल्लोळातून स्वतःचाच आवाज, त्याचे पडसाद आणि शेजारच्या तीन जोड्यांची कुजबुज वजा करते. व्हाइटहाउसचा उपाय होता जोरात ओरडण्याचा. थॉमसनचा होता नीट ऐकण्याचा. गिगाबिट ईथरनेट म्हणजे थॉमसनच्या आरशाचंच पुढचं रूप आहे.

१० गिगाबिटला (२००६) मात्र नुसतं ऐकणं पुरेना. ५०० मेगाहर्ट्‌झपर्यंत जावं लागलं आणि तिथे नवा शत्रू भेटला. एका केबलमधल्या चार जोड्यांची कुजबुज चिपला ओळखीची असते. पण त्याच मोळीत बांधलेल्या शेजारच्या केबलमध्ये काय चाललंय हे तिला कळायला मार्ग नाही. म्हणून कॅट-६ वर १० गिगाबिटचं अंतर साधारण ३७ ते ५५ मीटर असं घसरलं. तक्त्याचा उजवा रकाना पहिल्यांदा हलला. तो परत शंभरावर आणण्यासाठी अधिक जाड कॅट-६ए बनवली गेली. २०१६ साली उलट दिशेने तडजोड झाली. जगभरच्या भिंतींत पडून असलेल्या कॅट-५ई साठी मुद्दाम २.५ गिगाबिटचा मधला वेग काढला, अंतर तेच शंभर. त्याच वर्षीच्या कॅट-८ ने शंभराचा नाद सोडला. ४० गिगाबिट, ३० मीटर. कारण कॅट-८ मजल्यासाठी नाहीच. ती डेटा सेंटरमधल्या कपाटांच्या रांगेसाठी आहे आणि त्या रांगेला तीस मीटर पुरतात. पुन्हा माप घेतलं गेलं ते जागेचंच.

काचेचा प्रामाणिकपणा

तांब्याचा तक्ता असा सांभाळलेला आहे. काचेचा तक्ता त्या मानाने उघडावाघडा दिसतो. ६२.५ मायक्रॉनच्या जुन्या मल्टिमोड तंतूवर १०० मेगाबिट दोन किलोमीटर जातात, १ गिगाबिट २७५ मीटर आणि १० गिगाबिट अवघे ३३ मीटर. तंतू तोच, वेग वाढला की अंतर कोसळतं. कारण १८५८चंच आहे. जाड गाभ्यातून प्रकाश अनेक वाटांनी जातो, कुणी सरळ तर कुणी भिंतींवर आपटत, आणि पलीकडे पोचेपर्यंत ठोका पसरतो. गाभा आणखी सुधारला तर १० गिगाबिट ३०० ते ४०० मीटर जातात. गाभाच इतका बारीक केला की एकच वाट उरावी, तर तेच १० गिगाबिट १०, ४० किलोमीटर जातात.

अर्थात त्यासाठी काच आधी स्वच्छ व्हायला हवी होती. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव ज्यांनी रूढ केलं ते नरिंदरसिंग कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. १९५४ साली लंडनमध्ये त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं, पण ते थोड्या अंतरापुरतं. तेव्हाची काच किलोमीटरमागे हजारेक डेसिबल प्रकाश गिळायची. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. ती काढली आणि किलोमीटरमागची घट २० डेसिबलवर आणली, म्हणजे एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला, तरी टेलिफोनला पुरेल. १९७० साली कॉर्निंगच्या तिघा शास्त्रज्ञांनी तो आकडा ओलांडला. आजच्या तंतूत घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असते. काओंनी एका किलोमीटरनंतर जो एक टक्का मागितला होता, तो आता शंभर किलोमीटरनंतर उरतो. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं.

मुंबईच्या किनाऱ्यावर आज उतरणाऱ्या समुद्री केबल याच काचेच्या. वाट बरीचशी तीच, अरबी समुद्र, एडनचं आखात, तांबडा समुद्र, सुएझ. एडनच्या कारकुनाची जागा साधारण ६० ते १०० किलोमीटरवर बसवलेल्या प्रकाशवर्धकांनी घेतली आहे. त्यांना वाचावं लागत नाही, ते प्रकाश आहे तसा मोठा करतात.

तांबं मोजणारा माणूस

या इतिहासातला एक छोटा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८५७ साली थॉमसनने केबलसाठी आलेल्या तांब्याचे नमुने तपासले. दिसायला सगळे सारखे, पण विजेला वाट देण्यात त्यांच्यात प्रचंड फरक निघाला. कुणीही मोजलंच नव्हतं. तांबं ते तांबं, असाच समज होता. पुढच्या केबलसाठी तांब्याची वाहकता तपासून घेण्याची अट आली ती त्याच्या आग्रहामुळे.

आज आपल्या बाजारात ‘कॅट-६’ असा ठसा मारलेली स्वस्त केबल मिळते. आत असते अ‍ॅल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठेक टक्के. कॅट-५ई, कॅट-६ या प्रतींच्या मानकांत तिला जागाच नाही. मीटरमागे थोडे पैसे वाचतात. छोट्या अंतरावर ती चालतेही, त्यामुळे विकणारा खोटं बोलतोय हे कळत नाही. शाळेच्या कंप्युटर लॅबमध्ये, सोसायटीच्या सीसीटीव्हीला, गल्लीतल्या एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर अशी ती लांबवर ओढली जाते आणि मग कॅमेरा मधूनच बंद पडतो, गिगाबिटचं जोडणं शंभर मेगाबिटवर उतरतं. याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असेल तर जास्त रोधामुळे ती तापते, आणि मोळीत बांधलेली तापलेली तार हा नुसता वेगाचा प्रश्न राहत नाही. दोष मात्र दिला जातो राउटरला, कंपनीला, पावसाला. काही जण अधिक शक्तीचा अडॅप्टर आणून लावतात.

तक्त्यातले आकडे फुकट मिळालेले नाहीत. ‘कॅट-६ए, १० गिगाबिट, १०० मीटर’ या ओळीत शुद्ध तांबं गृहीत आहे, ठरलेला पीळ गृहीत आहे, टोकाला तो पीळ फार न उसवता जोडणारा कारागीर गृहीत आहे. यातलं एक जरी गळलं तरी केबलवरचा छापील शिक्का तसाच राहतो आणि उजवा रकाना गुपचूप खोटा होतो. व्हाइटहाउसच्या कंपनीने साडेतीन लाख पौंड घालवून हे शिकून घेतलं. केबल विकत घेताना टोक सोलून तारेवर ब्लेडने एक ओरखडा काढायचा आणि आत पांढरं दिसतंय का ते पाहायचं. या तपासणीला पैसे पडत नाहीत, मिनिटभर पुरतं.